अचारवाली जाँच

घाटीगावच्या पुढे डांबर संपतं आणि माझी कंबर सुरू होते. मी सरकारी नर्स. राहते ग्वाल्हेरात, दौलतगंजात. मधली काही वर्षं माझी ड्यूटी फिरत्या गाडीवर लागली होती. खेड्यापाड्यांत जाऊन बायकांना तपासायचं आणि कॅन्सर व्हायच्या आधीच तो हेरायचा, असं त्या गाडीचं काम. बाकीच्या नर्सबायकांनी सासू, मुलांच्या परीक्षा अशी कारणं देऊन ती ड्यूटी टाळली. माझ्याकडे कंबर सोडून कारण नव्हतं, आणि कंबर कोणी मानेना.

मी सांगते आहे ती वस्ती सहरियांची. आमच्या भागातले हे आदिवासी. पूर्वी जंगलावर जगायचे, आता बरेचसे दगडाच्या खाणीवर. त्यांच्या वस्तीला सहराना म्हणतात. तो गावात नसतो, गावाला लागून असतो. म्हणजे आधी गाव, मग नाला, मग गावाचा उकिरडा आणि मग सहराना. गावात नळ आलेत, इथे हातपंपच, तोही उन्हाळ्यात नुसता खडखडतो. गावातली आशाताई नाल्यापर्यंत यायची आणि अलीकडूनच हाका मारायची. पलीकडे का येत नाही म्हणून विचारलं तर म्हणाली, "दीदी, चप्पल खराब होती है." चांगल्या जाड रबरी चपला होत्या मेल्या!

तपासणी साधी. पातळ केलेलं व्हिनेगर कापसानं गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेडात पाहायचं. सगळं ठीक असेल तर फरक पडत नाही. कुठे बिघाड सुरू झाला असेल तर तेवढी जागा पांढरी दिसते. तो बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पण सोडून दिला तर पुढे होऊ शकतो. अशा बाईला शहरात आणायचं आणि एका यंत्रानं शेक देऊन ती जागा जाळून टाकायची. दहा मिनिटांचं काम, पूर्ण भूलही लागत नाही. ते यंत्र एवढंसं, माझ्या डब्याच्या पिशवीत मावेल. गाडीत ठेवलं असतं तर बाईला तिथल्या तिथे मोकळं करता आलं असतं. पण ते शहराबाहेर न्यायला परवानगी नव्हती. का नाही, म्हणून मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "आप अपना काम देखिए." मग मी आपलं काम पाहिलं.

त्या दिवशी शाळेच्या खोलीत दोरी बांधून चादर टाकली होती. तासभर एक बाई आली नाही. सगळ्या समोरच्या महुआच्या झाडाखाली बसून आमच्याकडे बघत होत्या, आणि आम्ही त्यांच्याकडे. माझ्याजवळ पोस्टर होतं. ते मी दोनदा सरळ केलं.

शेवटी एक उठून आली. वय पस्तिशीचं असेल, उन्हानं चाळिशीचं दिसत होतं. नवरा खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेलेला. एक मुलगी, तिचं लग्न ठरलेलं. राहायची दीर-जावेच्या शेजारच्या झोपडीत, पाणी आणि चूल एकत्र. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं. तोंडाचा पट्टा असा की मला फॉर्म भरता येईना. मग तिनं टेबलावरची बाटली उचलली, बूच काढून तो लोणच्यासारखा आंबट वास हुंगला आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "आ जाओ री! बैनजी तो अचार डार रईं!"

झाडाखाली असा हशा पिकला की बस. मग रांग लागली. दुपारपर्यंत सगळ्या सहरान्यात त्या तपासणीचं नाव "अचारवाली जाँच" पडलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आमच्या पोस्टरनं जे झालं नाही ते तिच्या एका वाक्यानं झालं, तेव्हा मीही हसले. ती स्वतः मात्र दारात उभी राहून एकेकीला आत ढकलत होती. मला म्हणाली, "बैनजी, तुमनें कराई अपनी?" म्हटलं, "हाँ हाँ, हर साल." असं म्हणायचं असतं. ट्रेनिंगमध्येच सांगतात की बायकांना धीर येतो.

ती सगळ्यांत शेवटी आली. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. माझी कंबर गेली होती. तिच्याआधी तिची जाऊ झाली होती आणि ती चादरीपलीकडे साडी सारखी करत होती. मी कापूस लावला, थांबले, पाहिलं. पांढरं होतं. चांगलं स्पष्ट.

मी रजिस्टरकडे वळले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "अंदर सफेद दाग है. ग्वालियर आना पड़ेगा."

  मी मागे पाहिलं तर ती टेबलावर उठून बसली होती आणि आपले हात बघत होती. आधी पालथे, मग तळवे, मग कोपरापर्यंत. मला वाटलं, घाबरली. म्हणून समजावलं, "डरो मत. छोटा सा है. जला देंगे."

चादरीपलीकडे बांगड्यांचा आवाज थांबला होता. तो मी ऐकला. पण आवाज थांबला तर काय करायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मी चिठ्ठीवर वार आणि वेळ लिहून दिली. तिनं घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली.

त्या वारी ती आली नाही. पुढच्याही नाही. रजिस्टरातला फोन तिच्या दिराचा होता, तो बंद. आशाताईला विचारलं तर म्हणाली, "वो तो चैत काटने निकल गई." आमच्याकडे गहू-मोहरी कापायला ही माणसं कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन दूर जातात, दीड-दोन महिने परतत नाहीत. मी रजिस्टरात लिहिलं, "नहीं आई." मग माझी ड्यूटी बदलून वॉर्डात लागली. बरं वाटलं. कंबरेला तर फारच.

महिन्याच्या मीटिंगला साहेब म्हणायचे की या समाजात जागरूकताच नाही, आपण दारापर्यंत जातो तरी हे लोक येत नाहीत. सगळे मान हलवायचे. मीही हलवायचे. खोटं कशाला सांगू, मला ते पटायचंच. मी तर सांगून आले होते, चिठ्ठी देऊन आले होते. आणखी काय खांद्यावर बसवून आणायचं होतं?

असं दीड वर्ष गेलं.

माझी सून मुरैनाची, हिंदी घरातली. मला "आई" म्हणते, बाकी सगळं हिंदी. आमच्या घरात तशीही निम्मी वाक्यं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतात. मुलगा तर "आई, मी आत्ता निकलतोय" म्हणतो आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. मला दिसतं. मी टोकते. माझं मराठी शुद्ध आणि माझं हिंदीही शुद्ध, असा माझा समज होता.

एका संध्याकाळी सूनबाई चुलत बहिणीच्या लग्नाला निघाली होती. मी कणीक मळत होते. ती पाठमोरी उभी राहून पर्स आवरत होती आणि मानेवर पावडर तशीच राहिली होती. मी म्हटलं, "अगं, तेरी गर्दन पे सफेद दाग है."

पोरगी किंचाळलीच. पर्स टाकून आरशाकडे धावली. मान वळवून वळवून बघते, हातानं पुसते, परत बघते. मी कणकेच्या हातानं मागे गेले. "काय झालं ग?"

"आई! जान निकाल दी आपने!" ती छातीवर हात ठेवून पलंगावर बसली. "पावडर है ये. पावडर बोलिए ना! सफेद दाग कोई ऐसे बोलता है किसी को? शादियाँ टूट जाती हैं लोगों की."

मी तिथेच उभी राहिले.  मराठीत डाग म्हणजे डाग. चहाचा, हळदीचा, चुन्याचा. अंगावरच्या त्या पांढऱ्या रोगाला आम्ही कोड म्हणतो. हिंदीत त्या रोगाचंच नाव सफेद दाग आहे. आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही! पडाव भागात, स्टेशनसमोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत "सफेद दाग का इलाज" लिहिलेलं आहे. त्याच्याखाली उभी राहून मी वर्षानुवर्षं टेम्पोची वाट पाहिली. पण त्या खोलीत, दमल्यावर, मनात आलं "पांढरा डाग", आणि मी त्याचं घाईघाईनं हिंदी करून तिच्या पुढ्यात टाकलं. मुरैनाची, भिंडची कुठलीही नर्स मरेपर्यंत असं बोलली नसती. ती चूक आम्हीच करणार, घरात एक भाषा आणि दारात दुसरी असलेले, आणि दोन्ही येतात असं मानणारे.

ती हात का बघत होती, ते आता कळलं. जाऊ बांगड्यांसकट का थांबली, तेही. आणि वर मी काय म्हणाले होते? "जला देंगे." काय कप्पाळ माझं!

रात्री जेवले नाही. सुनेला वाटलं, तिच्या ओरडण्याचा राग आला. दोन दिवसांनी रजा टाकली आणि त्याच जुन्या ड्रायव्हरला गाठून त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. कंबरेचं नाव काढलं नाही.

ती होती. झोपडीबाहेर विड्यांसाठी तेंदूची पानं जुळवत बसली होती, एकटी. वाळली होती. तिच्या बाजूला मातीचं छोटं मडकं आणि त्यावर तिचा वेगळा लोटा. दीर-जावेचं मडकं पंधरा पावलांवर, दुसऱ्या दाराशी. मला काही विचारायची गरजच राहिली नाही.

मला पाहून ती उठली नाही. "आ गईं बैनजी," एवढंच म्हणाली.

मुलीचं ठरलेलं मोडलं होतं. मुलाकडच्यांना कोणी सांगितलं ते ती बोलली नाही. जावेनंच सांगितलं असणार, पण तिला तरी काय दोष द्यायचा? आमच्याकडेसुद्धा पत्रिका बघायच्या आधी मुलीच्या घराण्यात कोड आहे का, याची गुपचूप चौकशी होते. जावेला सरकारी बैनजीनं सांगितलं होतं, रजिस्टरात लिहून. मग ती वेगळं मडकं मांडेल नाही तर काय करेल?

मी म्हटलं, "वो वाला दाग नहीं है. मुझसे बोलने में गलती हुई." मग सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तेव्हा तुम्ही खरं बोलत होता की आता, ते आम्हाला कसं कळायचं? तेव्हाही असंच तोंड करून सांगितलं होतंत.

 मी तिच्या मडक्यातलं पाणी तिच्या लोट्यात घेऊन प्यायले. जाऊ दारातून बघत होती, म्हणून जरा मोठ्यानंच प्यायले. ती गालात हसली. नाटक तिला कळलं होतं. मग तिनं तोच जुना प्रश्न विचारला, "सच्ची बताओ. तुमनें कराई अपनी?"

"नहीं," मी म्हटलं. "कभी नहीं."

"काए?"

"शरम आती है."

ही खरी गोष्ट होती. इस्पितळ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. यंत्र तिथे, डॉक्टर ओळखीचे, नंबर लावायची गरज नाही. दुसऱ्या किती बायकांना मी टेबलावर घेतलं असेल, मोजदाद नाही. आणि स्वतः, वय पन्नाशीपार, एकदाही नाही. ती इतकी हसली की हातातली पानं खाली पडली. जावेला हाक मारून म्हणाली, "सुन रईं जिज्जी? बैनजी खों शरम आउत!" दीड वर्षात ती जावेशी पहिल्यांदा बोलत असावी, कारण जाऊ हसावं की नाही अशा तोंडानं उभी राहिली.

मग ठरलं. आधी माझी तपासणी, मग तिची, एकाच दिवशी. आणि जाऊ सोबत येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

दोघी आल्या. मी टेबलावर झोपले. ज्या ज्या बायकांना "अंग ढिला छोड़ो" म्हणून मी खेकसले होते, त्या सगळ्या आठवल्या. ती डोक्याशी उभी राहून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अचार है, कछू नईं होत." माझं काही निघालं नाही. इतकी वर्षं टाळलं, आणि माझं काही बिघडलं नाही.

तिचं दहा मिनिटांत होण्यासारखं राहिलं नव्हतं. जागा पसरली होती, हात लावला की रक्त येत होतं. डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. दीड वर्षापूर्वी आली असती तर शेकावर भागलं असतं का, ते कोणी छातीठोक सांगणार नाही. मी पाहिलं होतं तेव्हा जागा लहान होती, एवढं मात्र मी सांगू शकते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला. डॉक्टर मनाचे वाईट नव्हते, पण वैतागले होते. तिला म्हणाले, "डेढ़ साल पहले पर्ची मिली थी. आई क्यों नहीं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "चैत काटबे चले गए ते, साब."

"दीड वर्ष चैत चालतो का तुमचा?" अशा अर्थाचं काहीतरी डॉक्टर हिंदीत पुटपुटले आणि मला सांगितलं, "लिखिए सिस्टर. मरीज़ खुद नहीं आई. लापरवाही." कारणाचा रकाना होता. पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, खरं का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगून काय होणार? तुमची नोकरी जाईल आणि उद्या दुसरी बैनजी येईल, ती आमचं पाणीसुद्धा पिणार नाही. तिच्या आवाजात उपकार नव्हता. बाजारात भाजी निवडावी तसं तिनं त्यातल्या त्यात बरं ते निवडलं होतं. मला लाज वाटली. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले, दोघींची तिकिटं काढली आणि बसमध्ये बसवून दिलं.

ऑपरेशन झालं. ती आहे. दगड उचलायला मनाई केलीय, तरी उचलते. जावेनं मडकी एकत्र केली. मुलीचं लग्न अजून व्हायचंय. "दाग नव्हता" ही बातमी काही मुलाकडच्यांपर्यंत तेवढ्या वेगानं गेली नाही.

दर काही महिन्यांनी ती तपासायला येते. तेव्हा मी वॉर्डातून वेळ काढून तिच्याजवळ उभी राहते. डॉक्टर बदलतात. ज्या त्या नव्या डॉक्टरसमोर तिची फाईल उघडते, पहिल्याच पानावर तो रकाना असतो, आणि तो वाचून प्रत्येक जण तिला झापतो. ती दर वेळी म्हणते, "हओ साब, गलती हो गई."

मागच्या खेपेला नवी डॉक्टरीण होती, माझ्या मुलापेक्षाही लहान. तिनं फाईल वाचली, चष्मा काढला आणि सुनावलं, "आप लोग अपनी जान की कीमत ही नहीं समझते." माझ्या शेजारी तिनं नेहमीसारखी मान खाली घातली आणि "हओ" म्हणायला तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोलले.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

मराठीतच निघालं. डॉक्टरिणीनं माझ्याकडे पाहिलं. "क्या बोला, सिस्टर?"

हिंदी मला येतं. चार शब्दांचं काम होतं.

"कुछ नहीं, मैडम," मी म्हणाले.